लिनोचा गुडघा

वाल्देकोर्सा, ४ मार्च १९८६

चि. लिनोस ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तीन रविवार झाले, रेडिओवरच्या फुटबॉल सामन्यात तुझं नाव नाही. बासिलिओच्या बारमध्ये तुझ्या नावाचं चाहता मंडळ बसतं, तिथे सगळे बाबांना विचारतात, पोरगा बाकावर का? बाबा म्हणतात, प्रशिक्षकाला अक्कल नाही. गावात फोन तो एकच, तोही बारमध्ये. तू त्यावर सगळं ठीक म्हणतोस, कारण अर्धं गाव कान देऊन बसलेलं असतं. म्हणून लिहितेय. लहानपणीही तू पडलास की पँट ओढून गुडघा झाकायचास आणि आईपुढे साळसूद चेहऱ्याने उभा राहायचास. आता आई नाही, पण मी आहे. खरं काय ते कळव.

बाबांच्या डोळ्यांतला पडदा वाढलाय. ऑलिव्ह वेचताना पानंच जास्त भरतात टोपलीत. डॉक्टरकडे चला म्हटलं की चिडतात. डुक्कर कापून झालं, तुझ्या वाटणीचे चोरिसो सॉसेज धुरावर टांगलेत. लोभ आहेच, पण उत्तर आलं नाही तर आटेल हो.

तुझी,
कासिल्दाताई

सांतोल्मो, १६ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्यापासून काही लपत नाही. डावा गुडघा गेलाय. बाहेरच्या डॉक्टरला गुपचूप दाखवला. तो म्हणाला, आतली गादी झिजलीय, ऑपरेशन करा आणि सहा महिने चेंडूला पाय लावू नका. तसंच खेळलो तर पुढे धड चालताही येणार नाही, असं तोंडावर सांगितलं.

क्लबचा डॉक्टर म्हणतो, सामन्याआधी सुई टोचू, दोन तास काही कळणार नाही. अठरा मेला शेवटचा सामना आहे. जिंकलो तर क्लब पहिल्या श्रेणीत जाईल. चौदा वर्षं मी खालच्या मैदानांवर कडेकडेने पळालोय, ताई. विंगर एकतिसाव्या वर्षी पुन्हा नव्याने सुरू होत नाही. जूनमध्ये करार संपतोय. काय करू ते तूच सांग. बाबांना मात्र बोलू नकोस.

तुझा,
लिनो

वाल्देकोर्सा, ६ एप्रिल

चि. लिनोस अ. आ.

माझ्याकडून चूक झाली. बाबांना सांगून बसले. पोटात ठेवणं जमलं नाही रे.

ईस्टरच्या सोमवारी सगळे टेकडीवरच्या देवळात गेलो. बघते तर बाबांनी माउलीपुढे मेणाचा पाय टांगलेला. मी तिथेच भांडले. मेणाचा पाय बरं झाल्यावर टांगायचा, उपकार फेडायला. बरं होण्याआधी टांगतं का कुणी? बाबा म्हणाले, माउली शब्द मोडत नाही, आता गुडघा बरा झालाच समज. बायका हसल्या. मला रडू आलं.

तू मात्र सुई घेऊ नकोस. तुला आईची शपथ आहे. बासिलिओने सामन्यासाठी बस ठरवलीय, पन्नास माणसं येणार आहेत. येऊ देत, मासे खातील, समुद्र बघतील, परत जातील. तू घरी ये. तेलाच्या घाण्यावर मुकादमाची जागा आहे, मी बोलून ठेवलंय. चालता येणारा भाऊ मला पुरे.

रागावलेय, पण माया तीच.
ताई

वाल्देकोर्सा, ५ मे

चि. लिनोस बापाचा आशीर्वाद.

हे कासिल्दाला माहीत नाही. अक्षर वाकडं येतंय, चालवून घे. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. डॉक्टरकडे एकटा जाऊन आलो. तो म्हणतो, डोळ्यांत नुसता पडदा नाही, आतली नसच मेलीय, इलाज नाही. पुढच्या वर्षी तुझा सामना मला नुसता ऐकू येईल.

माउलीला पाय दिलाय, ती सांभाळेल. सुई घे आणि खेळ. एकदा त्या कडेने पळताना मला बघू दे. वाचून जाळ.

बाबा

वाल्देकोर्सा, २५ मे

लिनोस,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही.

सत्तर मिनिटं खेळलास. कडेवरून तू मारलेल्या क्रॉसवरच गोल झाला, क्लब वर गेला. मग जवळ कुणी नसताना तू खाली बसलास आणि उठलाच नाहीस. बसमध्ये बाबांच्या नि माझ्याभोवती सगळे गात होते. इस्पितळात सर्जन म्हणाला, आता कायमची काठी. शपथ मोडलीस. चौदा वर्षांनी टाळ्या हव्या होत्या तुला, दुसरं काय!

बाबा जेवत नाहीत. खिडकीत बसून असतात. कुणी विचारलं की एकच सांगतात, मी त्याला खेळू नको म्हणून कळवलं होतं, त्याने ऐकलं नाही. मला म्हणाले, पत्र लिहिलं होतं. खरं का हे? आंधळ्या होत चाललेल्या बापाने पत्र लिहावं आणि तू ते बाजूला ठेवावंस? तुझ्या तोंडून ऐकायचंय मला.

कासिल्दा

सांतोल्मो, २ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

इस्पितळातून परवा सोडतील. काठी मिळालीय, जिना अजून जमत नाही. घाण्यावरची जागा दुसऱ्या कुणाला दे म्हणावं, मुकादमाला दिवसभर उभं राहावं लागतं.

शपथ मोडली, त्याची माफी मागायला तोंड नाही मला. टाळ्यांचं म्हणशील तर हो, हव्या होत्या.

बाबा म्हणतात ते खरं आहे. त्यांचं पाच मेचं पत्र आलं होतं. खेळू नको, सुई घेऊ नको, असंच लिहिलं होतं, अगदी कळवळून. ते पत्र इथल्या गडबडीत कुठे गेलं कळत नाही, नाहीतर तुला पाठवलं असतं. त्यांच्यासमोर बसून दोन घास खायला लाव त्यांना. आणि मंडळातल्या सगळ्यांच्या देखत मोठ्याने सांग, लिनोने लिहिलंय, बाबांचं ऐकायला हवं होतं.

राग ओसरेल तेव्हा लिही. तोवर वाट बघतो.

तुझा,
लिनो