कमरेचं आईला कळू देऊ नका

तीर्थरूप बाबांना,

कागदावरच साष्टांग नमस्कार. प्रत्यक्षात वाकायला सध्या मनाई आहे.

आईला पत्र वाचून दाखवत असाल तर इथे थांबा. पुढचं मनातल्या मनात वाचा.

गोदामात कपाट उचलताना कमरेत उसण भरली. काळजी करू नका, नुसती उसण आहे. डाव्या पायाला मुंग्या येतात, पण त्या संध्याकाळीच. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, नुसतं पडून राहू नका, थोडं थोडं चाला. उताणं झोपून एकेक गुडघा छातीशी घ्यायचा, मग गरम पाण्याची पिशवी. ओझं कमरेत वाकून नाही, गुडघ्यात बसून उचलायचं. तसं उचललं की मुकादम ओरडतो, "हा काय सोहळा चाललाय? जमत नसेल तर सांग, बाहेर रांग लागलीय." जमतं म्हणालो. कमरेचा पट्टा शर्टाच्या आत बांधतो.

बाईंना विचारलं, "कुणाकडून पाठ तुडवून घेतली तर?" त्यांनी कपाळाला हातच लावला.

तुम्ही कामावरून आलात की पालथे पडायचात आणि मला पाठीवर चालायला लावायचात. "खाली ये, कमरेवर," म्हणायचात. मला वाटायचं, माझ्याशी खेळताय. मी उड्याही मारायचो. तुम्ही हसायचात.

बाबा, खरंच हसायचात ना?

आईचे गुडघे कसे आहेत? तिला सांगा, मी मजेत आहे. तुमच्या तोंडून तिला ते खरं वाटेल. इतकी वर्षं वाटलंच की.

सध्या ताठ उभा असलेला,
तुमचा धाकटा