आठही दिवे लागतात

बुधवार, संध्याकाळ. कोसाड.

आज कडोदऱ्याच्या लूमवाल्याकडे दादाने टाकलेल्या लाइनी दुरुस्त केल्या. दादा गेल्यानंतरचं हे माझं पहिलंच काम. ऑफिसपासून शेडपर्यंत नेट रखडत होतं. टेस्टर लावला तर आठ तारांचे आठही दिवे ओळीने लागले. म्हणजे तार कुठे तुटलेली नाही.

मग वायरीच्या टोकाचा जॅक उजेडात धरला. दादा टेलिफोनच्या कामातून आलेला. एका रंगाच्या जोडीच्या दोन्ही तारा शेजारी-शेजारी बसवायच्या, ही त्याची सवय. नेटच्या जॅकमध्ये मात्र हिरवी जोडी फोडून निळीच्या दोन बाजूंना बसवावी लागते. नाहीतर दिवे लागतात, पण लांबच्या लाइनीवर नेट धड चालत नाही.

शेठ म्हणाला, "बधा बदली नाखो, भाई." मी सगळे बदलले. दादाच्या हातचे जॅक कापताना काहीतरी वाटायला हवं होतं ना? हात नुसते चालत होते. नवे बसवून टेस्टर लावला. पुन्हा आठही दिवे, आधीसारखेच.

घरच्या राउटरलाही दादाचाच जॅक आहे. कटर काढला तेवढ्यात वहिनी म्हणाली, "नेट चालस ना?"

"चालस." वायर हातभरच आहे, एवढ्याशा लांबीत काही बिघडत नाही.

"मंग ऱ्हाऊ द्या."

राहू दिला. जेवण वाढताना तिने विचारलं, "भाऊ, बरं शे ना?"

हो म्हटलं. आठही दिवे लागतायत की.