किसुमूचा आहेर

३ नोव्हेंबर २०२५

पॉलीनच्या नातीचं लग्न ठरलं! सकाळी चहा गाळत होते आणि फोन वाजला. बघते तर किसुमूहून मेसेज. याच महिन्याच्या एकोणतीसला, चर्चमध्ये. खाली नाचणाऱ्या बाहुल्या, केक, अंगठी, परत बाहुल्या. माझा चहा ओट्यावर सांडला. सांडू दे!

पॉलीन म्हणजे माझी पेनफ्रेंड. औरंगाबादच्या कॉन्व्हेंटात नववीत असताना सिस्टर फिलोमिनांनी वर्गात केनियातल्या मुलींचे पत्ते वाटले होते. माझ्या वाट्याला आली पॉलीन अकिन्यी, किसुमू. समुद्राएवढ्या तळ्याकाठचं गाव. आम्ही विशीपर्यंत लिहीत राहिलो. मग तिचं लग्न, माझं लग्न, दोघींचे पत्ते बदलले. संपलं. आणि गेल्या वर्षी शाळेच्या फेसबुकवर माझं माहेरचं नाव बघून तिचा मेसेज — "तू तीच का, जिची सिस्टर घोरायची?"

तीच! तीच मी!

नातीचं नाव ती कधी लिहीत नाही. नेहमी "माझी चिमणी". तर चिमणीचं लग्न. मी आहेर पाठवणार. ठरलं.

४ नोव्हेंबर

जेवताना विषय काढला. शिवशंकरचा घास हातातच राहिला. "आई, तू बघितलंस का तिला कधी?"

"फोटो आहे की. शाळेतला."

"आत्ताचं बोलायलोय मी! व्हिडिओवर बोललीस का?"

नाही बोलले. तिनं कधी लावला नाही, मीही नाही. आम्हाला पत्रांची सवय.

"सत्तरीला आलेली बाई येवढ्या बाहुल्या नाचवती व्हय? कुणीतरी पोट्टं बसलंय तिकडं. आधी गोड बोलायचं, मग लग्न काढायचं, मग पैसा."

"तिनं मागितलेला नाही. मी देतेय."

"तेच तर! लई हुशार हायेत."

हे वरणात भाकरी कुस्करत होते. मान वर न करता म्हणाले, "लग्नाचं कळवलंय म्हणल्यावर आहेर करावाच लागतो." आणि परत भाकरी. ह्या माणसाशी लग्न केल्याचा मला अधूनमधून फार आनंद होतो!

शिवशंकर म्हणतो, एकदा व्हिडिओ कॉल लाव, शहानिशा होईल. शहानिशा! मी नाही लावणार. लग्नाचं बोलावणं देणाऱ्या मैत्रिणीला म्हणायचं — आधी तोंड दाखव?

६ नोव्हेंबर

तेजश्री माझ्या बाजूची. शिवशंकर दुकानात गेला की आम्ही सासू-सून बँकेच्या ॲपवर. तिकडे म्हणे बँकेत फारसं कुणी जातच नाही. फोन हेच पाकीट. एम-पेसा म्हणतात. मासळीवालीलासुद्धा त्यातूनच. पॉलीनकडे नंबर मागितला, तर म्हणे हाच, ज्यावरून मेसेज येतात तो.

ॲपला किती चौकशा! पैसे कशासाठी? शिक्षण, औषधपाणी, प्रवास, भेट. 'आहेर' नाहीच. भेटीवर बोट ठेवलं. नातं काय? आई, वडील, मुलगा, बहीण... आणि सगळ्यात खाली 'इतर'. मला रागच आला. एवढी जुनी मैत्रीण — इतर!

तेजश्री हसून हसून आडवी झाली. "आत्याबाई, ॲपवर काय रागवायलात!"

नाव-नंबर भरून ठेवला. नव्या माणसाला लगेच पाठवता येत नाही, थोडे दिवस थांबा म्हणतात. थांबते.

७ नोव्हेंबर

दुपारी पडले होते, पण डोळा कसला लागतोय! ती निळी, घडी घालून चिकटवायची एअरोग्राम पत्रं आठवत होती. सिस्टर फिलोमिना प्रत्येक पत्र आधी वाचायच्या, लाल पेन्सिलीनं इंग्रजी सुधारायच्या. तिकडच्या सिस्टरही तशाच. मग आम्ही एक युक्ती काढली. डिंक लावायची जी पट्टी असते, तिच्या आतल्या बाजूला बारीक पेन्सिलीनं खरं काय ते लिहायचं. पट्टी चिकटली की कुणाला दिसणार! मी लिहिलं, "आमची सिस्टर घोरते." तिनं लिहिलं, "आमच्या फादरच्या टोपीत कोंबडीनं अंडं घातलं." मी ते प्रार्थनेच्या वेळी आठवून हसले आणि तासभर व्हरांड्यात उभी राहिले.

तिच्या पत्रांना मासळीचा वास यायचा. हॉस्टेलच्या मुली नाक धरायच्या. मी उशीखाली ठेवून झोपायची.

९ नोव्हेंबर

आहेरातल्या वरच्या एकाचं काय करू? इथे पाच हजार एक भरले, तर तिकडे शिलिंगांत भलताच आकडा होतो. शेवटचा आकडा चार! संध्याकाळी बघितलं तर सात! तेजश्री म्हणते, एक तर आपण इथं दिलाच की. पण घेणाऱ्याच्या हातात एक पडायला नको? वरचा एक म्हणजे पुढचं चालू राहू दे. शून्यावर थांबायचं नाही.

अमीरबीला विचारलं. शेजारीण, खाजामियाँ फळवाल्यांची बायको. तिचा अबरार सौदीला असतो.

"रोहिणीबाई, आपल्या गल्लीत पैसा तिकडून इकडं येतो. तुमी उलटा कावून पाठवायलात?" पोट धरून हसली. मग एकदम गंभीर. "पण एक पायजेच. त्येच्याबिगर आहेर कसला?"

१० नोव्हेंबर

सापडलं! तिकडे किती पोचवायचे, तो आकडाही भरता येतो! शेवटी टाकला एक. आपल्या रुपयांचं काय व्हायचं ते होवो. उद्या पाठवायचे. नवी साडी नेसावी असं वाटतंय — फोनसमोर!

११ नोव्हेंबर

गेले नाहीत.

लाल अक्षरांत आलं, नाव जुळत नाही. त्या नंबरच्या पाकिटाचं नाव खाली दिसलं — मर्सी आचिएंग. पॉलीन कुठेच नाही.

शिवशंकर मागे उभा होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "जाऊ दे आई. पैसे तरी वाचले." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या मुलानं, माझ्या डोक्यावर!

१२ नोव्हेंबर

मेथी निवडली. दुसरं काही नाही.

१३ नोव्हेंबर

पैशाचं काही नाही. पण ती पॉलीन नसेल, तर वर्षभर मी कोणाला सांगत बसले सगळं? गुडघ्याचं, माझ्या बाबांच्या आठवणींचं, कोंबडीच्या अंड्यावर अजून हसू येतं त्याचं? आणि सिस्टरचं घोरणं त्या माणसाला पहिल्याच मेसेजात माहीत कसं? शिवशंकर म्हणतो, तूच कधीतरी फेसबुकवर लिहिलं असशील. लिहिलं असेन का? आठवेना. ते सगळ्यात वाईट.

हे बाहेर जायला निघाले होते. चपलेत पाय घालता घालता म्हणाले, "विचार की तिला. आहेर कुणाच्या नावानं करायचा, हे आपण विचारतोच की घरच्यांना. त्यात कुणाला राग येतोय?"

अरे हो! शहानिशा नाही, संशय नाही — आहेराची साधी चौकशी! लगेच लिहिलं, "आहेर कोणाच्या नावानं करू?"

१४ नोव्हेंबर

वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१५ नोव्हेंबर

नाही. अमीरबीनं पेरू आणून दिले. "कावून तोंड उतरलंय?" मी म्हटलं, काही नाही. ती बसली मग नुसती, माझ्याजवळ, आणि पेरू कापत राहिली.

१६ नोव्हेंबर

फोन! मेसेज नाही — फोन! कणीक मळत होते, कोपरानं उचलला.

"रोहिणी ग्रँडमा?" तरुण आवाज, झऱ्यासारखं इंग्रजी. "मी मर्सी. चिमणी!"

माझ्या तोंडून नुसतं "अगंबाई" निघालं. तिला काय कळलं कोण जाणे, ती हसायला लागली. फोन तिचा, पाकीट तिचं. आजीला टायपिंग जमत नाही. आजी सांगते, ही लिहिते. माझं आलेलं मोठ्यानं वाचून दाखवते.

"मग दोन दिवस उत्तर का नाही गं?"

"मी लग्नाचा गाऊन आणायला नैरोबीला गेले होते. आजीला विचारल्याशिवाय कशी लिहू? मी तिचंच लिहिते, माझ्या पदरचं एक अक्षर नाही." आणि मग, "बाहुल्या सोडून. बाहुल्या माझ्या."

आजी म्हणाली म्हणे, आहेर नवरीच्याच नावानं करायला सांग आणि त्या घोरणाऱ्या सिस्टरचं काय झालं, तेवढं विचार!

फोन ठेवला तर पूर्ण फोन कणकेनं माखलेला. शिवशंकर दारात. कान लाल. "बरं मग," म्हणाला, "आता पाठव की. कावून थांबलीस?"

१७ नोव्हेंबर

गेले!! मर्सी आचिएंगच्या नावानं, शेवटी एक घेऊन! भाजीला फोडणी बसायच्या आत गेवराईहून किसुमूला! आमचं एअरोग्राम पोचायला पंधरवडा लागायचा. तेजश्रीला मिठी मारली. ह्यांनाही मारणार होते, पण शिवशंकर समोर होता.

३० नोव्हेंबर

लग्नाचे फोटो आले. मर्सी खरंच चिमणीएवढी! आणि पॉलीन — केशरी झगा, डोक्याला तसलंच फडकं, डोळ्यांवर मोठा काळा गॉगल. नातीच्या लग्नात गॉगल! केवढी ऐट! मी ह्यांना म्हटलं, शिका काही.

एक व्हिडिओही आहे. तिकडेही माईकवर आहेर पुकारतात! जाड्या गृहस्थानं "रोहिनी, फ्रॉम इंडिया!" म्हटलं आणि अख्खा हॉल ओरडला. मी तो इतक्यांदा लावला की हे म्हणाले, "बाई, आता फोनच फाटंल."

४ डिसेंबर

दुपारी पॉलीनचा फोन. तिचा स्वतःचा आवाज — जाडाभरडा, मधेच खोकला. शेजारणीच्या फोनवरून. मर्सी नैरोबीला सासरी गेली. "आता मला वाचून दाखवायला कोणी नाही. म्हणून तूच बोलत जा. मला दिसत नाही, रोहिणी. पुष्कळ दिवस झाले. तुला सांगू नको म्हणून चिमणीला दटावलं होतं."

मग तिनं विचारलं, "तू कशी दिसतेस आता?"

मी म्हटलं, "सोळा वर्षांची."

"मी पण," ती म्हणाली.