आईची खाट

दि. ९ मार्च

चि. बारकीस,
अ. आ. हे आशीर्वाद सवयीने लिहिलेत, मनापासून आहेत असं समजू नकोस. तीन दिवस फोन लावतोय, तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

सात आठवडे सिंह-हत्ती पाहून, धुळीने माखून तुझी वहिनी आणि मी परवा घरी पोचलो, तर आईची खोली रिकामी. खाट नाही, कपाट नाही, भिंतीवरचं घड्याळसुद्धा नाही. फरशीवर खाटेच्या पायांचे चार डाग तेवढे उरलेत. तू टेम्पो आणून सगळं नेलंस, हे समोरच्या बाईंकडून कळलं. मला एका शब्दाने विचारलंस? काही कळवलंस? आईच्या गोळ्या मी वारांप्रमाणे डब्यांत लावून गेलो होतो. चोवीस तासांची बाई ठेवली होती. दातांचा दवाखाना बंद ठेवून आयुष्यात पहिल्यांदा एवढी सुट्टी घेतली, आणि सख्खी बहीण पाठीमागे घर उपसते!

रविवारी गाडी घेऊन येतोय. आईची तयारी करून ठेव. लोभाचं पुढे पाहू.

तुझा दादा

दि. १२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. वहिनीला हे पत्र वाचून दाखव, अर्धवट नको.

तू गेल्यावर बाराव्या दिवशी ती बाई भाजी आणायला गेली. तुझ्याच हुकमाप्रमाणे दाराला बाहेरून कुलूप लावून. वाटेत तिला स्कूटरने उडवलं, ती बेशुद्ध दवाखान्यात. दुसरी किल्ली तुझ्या बॅगेत. आईचा फोन तूच काढून घेतलेला, भलत्या माणसांना लावते म्हणून. दीड दिवस आई आत एकटी होती. दुसऱ्या संध्याकाळी समोरच्या बाईंना ताट आपटल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी कुलूपवाल्याला बोलावलं. मी रक्ततपासणीचं काम टाकून पाच तास बसने आले. तिचे ओठ फुटले होते. तिने आधी मला विचारलं की मी जेवले का.

आणि कळवलं नाही म्हणतोस? सहलवाल्यांच्या कचेरीत मी स्वतः निरोप दिला, त्यांनी तो तुमच्या तंबूपर्यंत पोचवला. दोन दिवसांनी तुझं उत्तर आलं: ‘तू आहेस ना, मग काळजी नाही. आल्यावर बघू.’ त्याची नक्कल सोबत जोडली आहे. उंटावरून शेळ्या हाकणारे ऐकले होते, जीपमधून आईला सांभाळणारा पहिलाच पाहिला.

आई कुठेही येणार नाही. राग कायम असू द्या, माझाही आहे.

बारकी

दि. १५ मार्च

चि. बारकीस,
अ. आ. हो, निरोप मिळाला होता. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. झालं समाधान?

आता तूही ऐक. सहा वर्षं आई माझ्याकडे आहे. ती न्हाणीघरात पडली तेव्हा मी उचललं, तू फुलांचा गुच्छ पाठवलास. वर्षातून दोनदा यायचं, दोन तास बसायचं आणि जाताना आई वाळली म्हणायचं, ही तुझी सेवा! ती एकदा गॅस उघडा ठेवून बाहेर पडली होती, कुलूप तेव्हापासूनचं. हौस म्हणून लावलं नाही.

तो कागद हातात आला तेव्हा आम्ही नदीकाठी होतो. तू पोचलीस, आई शुद्धीवर आहे, एवढं वाचलं आणि कागद खिशात घातला. वहिनीला दाखवलासुद्धा नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा आईपाशी मी सोडून दुसरं कुणीतरी होतं. त्या रात्री मला गाढ झोप लागली. काय म्हणायचं ते म्हण.

रविवारी येतोयच. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन.

दादा

दि. १७ मार्च

चि. थोरल्यास,
अ. आ. हे पत्र मी माझ्या हाताने लिहिते आहे. अक्षर हलतं, डोकं हलत नाही.

बारकीने तुझी दोन्ही पत्रं मला मोठ्याने वाचून दाखवली, चवीने. तिलाही मी बोलले. खाट नेऊ का, असं तिनेही मला विचारलं नव्हतं. टेम्पोवाला आधी, मी नंतर. तुम्ही दोघं एका मापाचे.

तुझं खोटं मला लागलं नाही. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, चुका पाहून दचकत नाही. कुलुपाचंही मी समजू शकते. गॅस मीच उघडा ठेवला होता.

पण एक सांगते, ते बारकीलाही पुरतं ठाऊक नाही. ती तुला निरोप धाडायला निघाली तेव्हा मीच तिला अडवलं होतं. म्हटलं, त्याला कळवू नकोस, जन्मात एकदा फिरायला गेलाय, बिचाऱ्याची मजा मोडेल. तिने ऐकलं नाही. आणि मग, नको म्हणणारी मीच, तुझं उत्तर आल्यावरही इथे आठ दिवस खिडकीशी बसून होते. खाली गाडी थांबली की उठून पाहायचे. नवव्या दिवशी पाहायचं सोडलं. त्याच दिवशी बारकीला म्हटलं, मी इथेच राहते.

रविवारी ये. पायरीवर बसू नकोस, आत ये. पण मला न्यायला येऊ नकोस. सुनेला सांग, तिच्यावर माझा राग नाही. तुझ्यावर आहे, आणि तो जाईल असं मी आत्ता लिहू शकत नाही.

प्रकृतीला जप.

तुझी आई