माझ्या तोंडातला त्यांचा दात

११ नोव्हेंबर, मंगळवार

न्हाई म्हणजे न्हाईच म्हणती! पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातून बोलावणं आलंय, एसीत बसायचं, राहायला खोली — आन् आमची उज्मा म्हणती मला जायचं न्हाई. कावून? तर म्हणे, "तिथं हसणाऱ्याचे दात अजून चमकवायचे. हितं माणसाला भाकरी चावता येत न्हाई, अम्मी." अगं पण पाच वर्षं दातांचं शिकली ती काय युसूफ वडगावात बसायला? पंचवीस तारखेपर्यंत त्यांना कळवायचंय.

वरून शेजारची साखराबाई दारात येऊन, "भाबी, पोटाची डागदर कावून न्हाई झाली पोरगी? दात तर वाहेदभाई बी बसवतेत." म्हणलं, तुझ्या तोंडात किती उरलेत ते मोज आधी. गेली तणतणत. पण टोचलं. बाप दातवाला, पोरगी बी दातवाली!

हे तीस वर्षं बाजारात पाल ठोकून दात बसवतेत. एक पेटी, एक आरसा, दात चिकटवायचा मसाला कालवायची वाटी. गिऱ्हाईक बोळकं घेऊन येतंय, आरशात हसून जातंय. त्याच पेटीवर पोरगी शिकली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हिला गावातच दवाखाना टाकायचाय. वर अट! जेवताना बापाच्या तोंडावर म्हणली, "अब्बा, तुमी बाजारात बसणार असाल तर मी हितं दवाखाना टाकू शकत न्हाई. डिगरी नसताना लोकांच्या तोंडात हात घालणं गुन्हा हाय."

हे भाकरी तशीच ठेवून उठले.

माझंच डोकं फिरलं. म्हणलं, बापाच्या हाताला नावं ठेवती? लहानपणी ह्याच पेटीतले दात मांडून खेळायचीस! तर म्हणली, "म्हणून तर दातांची डॉक्टर झाले ना."

१५ नोव्हेंबर

दात ठणकतोय. समोरचा. कुणाला सांगायचं न्हाई.

१६ नोव्हेंबर

लग्नाच्या वर्षी हापशाचा दांडा लागून समोरचा दात पडला होता माझा. नवी नवरी, तोंडाला पदर लावून फिरायची. ह्यांनी सगळी पेटी चटईवर उपडी करून रंग जुळवला, कानस मारली, शेजारच्या दोन दातांना मसाल्यानं पक्का चिकटवला. म्हणले, "आता हस." चोवीस वर्षं झाली.

मागची आठ वर्षं त्याच्या खालून घाण येती. रोज लवंग धरते. त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

१७ नोव्हेंबर, सोमवार

गाल सुजला. हे बाजारला गेलते. उज्मानं बळंच तोंड उघडायला लावलं. "कधीपासून?" म्हणलं, कालपासून. "अम्मी, खोटं बोलू नको." मग बसली रडत. डॉक्टर हाय का कोण हाय!

१९ नोव्हेंबर, बुधवार

तोंडात कापसाचा बोळा. बोलता येत न्हाई, म्हणून लिहिते.

केजला हिच्या मैत्रिणीच्या, दिपालीच्या दवाखान्यात नेलं. बापालाबी नेलं — "चला अब्बा, बघायला." मसाला कापला तर शेजारचे दोन्ही दात कुजलेले, बोटानं हलत होते. तिन्ही काढावे लागले. ताटलीत कापसावर ठेवले. एक त्यांचा, दोन माझे. हे बघतच बसले.

येताना जीपमध्ये एवढंच म्हणले, "मला कधी कुणी परत येऊन दाखवलंच न्हाई."

कसं दाखवतील? आज ह्या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. दुखायला लागेस्तोवर पाल उठलेलं. पण मी? मी तर घरातच होते. ताट वाढत होते, लवंग चावत होते, गप होते. आन् तेवढ्या वर्षांत किती जणांना बसवून आले हे!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी बघितलं तर हे पेटी पुसत बसलेले. सोमवारच्या बाजाराची तयारी! म्हणले, "दुसरं येतंय काय मला? का पोरीच्या दारात बसून नंबराच्या चिठ्ठ्या फाडू?" तिकडं उज्मा फोन घेऊन उठली, पुण्याला येते म्हणून सांगायला. मी फोन हिसकावला. गेले दहा दिवस पुण्याला जा म्हणत होते ती मीच!

ह्यांच्या पुढ्यात जाऊन बसले. म्हणलं, रविवारी मगरिबच्या नमाजाच्या आत सांगा — पेटी का पोरगी. गप बसलात तर सोमवारी मी येते तुमच्या पालात. आरशाशेजारी बसते, तोंड उघडून. येईल त्याला दाखवते, वाहेदभाईनं बायकोचा दात बसवला होता तो हितं. रविवार. मगरिबच्या आत.