वालांवरून गेलेली गाडी

मंगळवार, ४ मार्च २०२५

मी गुन्हेगार आहे!

निदान पोलीस ठाण्यातून फोन आला त्यावरून तरी तसंच वाटलं. दुपारची टोकावडे फेरी, गाडीत चाळीस माणसं, एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हाताने दांडी धरलेली — आणि खांदा व कान यांच्यामध्ये फोन. "एसटीत कंडक्टर असलेल्या रविनाताई तुम्हीच का? तुमच्याविरुद्ध अर्ज आलाय. शुक्रवारी येऊन जा." कसला अर्ज? तर म्हणे, रस्त्यात गाडी अडवून दमदाटी केल्याचा!

एकोणीस वर्षं मी गाडी थांबवायचाच पगार घेते. पण ती आमचीच गाडी. दुसऱ्याची कशाला थांबवू?

रात्री यांना सांगितलं. मनोजरावांचा घास हातातच राहिला. "कुणाला मारलंस?" म्हणाले. 'मारलंस का' नाही. थेट 'कुणाला'! बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा एवढा विश्वास कमावलाय.


बुधवार, ५ मार्च

आठवलं! पहाटे चहा गाळताना आठवलं आणि एवढी हसले की अर्धा चहा ओट्यावर.

गेल्या महिन्यातली तेवीस तारीख, रविवार. माझी सुट्टी. आम्ही वाल काढायला बसलो होतो. भात निघालं की आमच्याकडे त्याच शेतात वाल. वाळलेले वेल उपटून आणायचे आणि गावाच्या डांबरी रस्त्यावर पसरून द्यायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या वरून जातात, शेंगा फुटतात, आपण फक्त दांडक्याने वेल उलटसुलट करायचे. झोडपायची मेहनत वाचते. सगळा गाव असाच वाल काढतो. फक्त गाडी निवडावी लागते. लहान गाडी हळू गेली की दाणा शाबूत निघतो. डंपर गेला की थेट डाळ! म्हणून सासूबाई — आम्ही त्यांना आत्या म्हणतो — बाभळीखाली बसून डंपरला हात करतात, "तू थांब रे, तू नको." डंपरवालेही ऐकतात. आमच्या आत्यांना, बाईजाबाईंना, नाही म्हणायची कुणाची छाती आहे?

त्या दिवशी दहा वाजेपर्यंत एक गाडी फिरकली नाही. मग ही पांढरी आली, कल्याणकडची, नवी कोरी. आणि वालांच्या अलीकडेच थांबली! बिचाऱ्याला वाटलं असणार, शेतकऱ्याचं धान्य, तुडवू नये. जागच्या जागी हॉर्न वाजवत बसला. मी उठले, गेले आणि बॉनेटवर दोन थापा दिल्या. डबल बेल! आमच्या धंद्यात याचा अर्थ 'चला'. एसटीचा ड्रायव्हर झोपेतसुद्धा निघाला असता. हा नुसता बघत राहिला. म्हणून आणखी दोन दिल्या. "जा जा, वरून जा!" गेला एकदाचा. पण एका फेरीत वाल निघतात होय? मागे घ्यायला लावलं. मग परत पुढे. तीन फेऱ्या झाल्या. मी हसत होते, आत्या हसत होत्या. चौथ्या खेपेला म्हटलं आता राहू दे, तर असा सुसाट गेला की शेंगा गटारापर्यंत उडाल्या.

आणि त्याने माझ्यावर अर्ज केला! फुकट मळणी करून दिल्याबद्दल मीच त्याला शाल-नारळ द्यायला हवा होता.


गुरुवार, ६ मार्च

हसू गेलं.

डेपोत फॉर्म मिळाला. वाहतूक नियंत्रकाच्या परीक्षेत मी पास झालेय हे जानेवारीतच कळलं होतं. आता ही कागदपत्रं दिली की नेमणूक. केबिन, खुर्ची, माईक. खुर्ची! माझ्या गुडघ्यांना एकोणीस वर्षांनी खुर्ची मिळणार. डॉक्टर म्हणालेत, असंच उभं राहून आणखी दोन वर्षं काढलीत तर गुडघे बदलावे लागतील. हे तर रोज चिडवतात, "आता घरात बोलताना पण माईक घे म्हणजे झालं."

रकाना अकरा — 'गेल्या वर्षभरात आपणाविरुद्ध पोलिसांत तक्रार झाली होती काय? असल्यास स्वरूप व निकाल.'

द्यायची शेवटची तारीख सोमवार, सतरा. वरिष्ठ लिपिक म्हणाले, "ताई, तिथे 'नाही' असलं की बरं असतं. पुढची बाई यादीत वाटच बघतेय."


शुक्रवार, ७ मार्च

ठाण्यात जाऊन आले. जाताना काय घालावं यावर अर्धा तास गेला. गणवेश नको, साडी नको म्हटले हे, साडीत तू जास्त रागीट दिसतेस! शेवटी पंजाबी ड्रेस.

हवालदार रविंद्र पष्टे. आपल्याच पट्ट्यातला माणूस, भाषा लगेच कळली. अर्जदार कल्याणचा भाविक नावाचा. नोकरी करतो, वय चौतीस. पष्ट्यांनी अर्ज पुढे सरकवला. काय ती भाषा! 'सदर महिलेने रस्त्यावर वनस्पतीजन्य अडथळा निर्माण करून, हातात लाकडी दांडके घेऊन, माझ्या वाहनावर वारंवार आघात केले व मला वाहन पुढे-मागे करण्यास भाग पाडले...' वनस्पतीजन्य अडथळा! माझे वाल! तिथपर्यंत वाचलं आणि मला हसू आवरेना. बाकीची दीड पानं तशीच परत केली.

पष्ट्यांना सगळं सांगितलं. दोन थापांचा अर्थही सांगितला, टेबलावर वाजवून दाखवल्या. बाहेरचा शिपाई आत डोकावला.

पष्टे गंभीर. वहीत काहीतरी लिहिलं, मग मान वर करून विचारलं, "कडवे वाल का गोडे?"

"कडवे."

"किती निघाले?"

"चार पायल्या."

"आमचे औंदा गेले. कीड लागली." मग भानावर आले. "ताई, आईका. वाल रस्त्यावर टाकलेले असं जबाबात लिवाल, तर रस्ता अडवला म्हनून वेगळा विषय व्हतो. नाय लिवाल, तर तुमी विनाकारन गाडी बडवली असं व्हतं. काय लिवायचा तो इचार करा न् बुधवारी या. त्याला पन बोलावतो."

म्हणजे इकडे आड... जाऊ दे. झोप येत नाही.


शनिवार, ८ मार्च

डेपोत महिला दिन. गुलाबाचं फूल मिळालं, भाषण मिळालं. 'कर्तबगार महिला' म्हणून माझं नाव घेतलं. टाळ्या. माझ्या पर्समध्ये पोलिसांचं समन्सवजा पत्र.


रविवार, ९ मार्च

जबाब लिहायला बसले. चार वेळा फाडला. पहिल्यात मी फारच गरीब झाले, दुसऱ्यात फारच शहाणी. तिसरा यांनी लिहून दिला, त्यात मी घटनास्थळी नव्हतेच!

बातमी गावभर झालीय. शेजारची तानी दुपारी आली, कमरेवर हात ठेवून उभी. "माजं नाव सांग गो. मी व्हते म्हन दांडका घेऊन. मला कुठं परमोशन हाय?" डोळ्यात पाणी आलं माझ्या. असली शेजारीण पैसे देऊन मिळत नाही. पण मी नाही म्हटलं. मी केलं ते मीच सांगणार.

ती गेल्यावर आणखी दोघं येऊन गेली. म्हणाली, "वालांचं नाव काढू नको, नायतर पुढच्या साली कुनालाच टाकता येनार नाय." हेही खरंच. तरी मी ठरवलं, लिहायचं ते खरं. वाल होते, थापा मारल्या, हातात दांडका होता, पण तो वाल उलटायचा. माणूस घाबरला असेल तर त्याचा गैरसमज झाला. बस. खरं लिहायला भीती कसली?

आत्या दळण निवडत होत्या. मधेच म्हणाल्या, "वरडत पन व्हतीस गो लय."

"आत्या, माझा आवाजच तसा आहे. बसमध्ये कुजबुजून तिकिटं फाडू?"

"आदल्या राती जेवली नव्हतीस तू."

ते वेगळं. आदल्या दिवशी, शनिवारी, कल्याणच्या फेरीला एका गाडीवाल्याने गाडी आडवी घालून आमची बस अडवली होती. आमच्या ड्रायव्हरने त्याला पुढे जाऊ दिलं नाही म्हणून. खाली उतरून ड्रायव्हरवर ओरडला, मी मधे पडले तर माझ्यावर. काय काय बोलला! सगळ्या गाडीसमोर. माझ्या जातीपासून माझ्या कमरेपर्यंत. अंगावर गणवेश, तोंडातून शब्द काढला तर निलंबन. मी म्हटलं, "सॉरी साहेब." दोनदा म्हटलं. एक पॅसेंजर बोलला नाही. घरी येऊन अंघोळ केली आणि तशीच झोपले.

पण त्याचा याच्याशी काय संबंध? तो माणूस वेगळा, गाडी वेगळी. वाल झोडायचे होते, झोडले.


सोमवार, १० मार्च

जबाबाची नक्कल सुबक अक्षरात काढली. यांनी वाचली. "वाल हा शब्द नऊ वेळा आलाय," म्हणाले. "हा जबाब आहे का पाककृती?"


बुधवार, १२ मार्च

सुटले!

पहाटे उठून वाल सोलले, बिरडं केलं, डबा भरून ठाण्यात नेला. हे म्हणाले, "लाच आहे ही." म्हटलं, ही लाच नाही, पुरावा आहे.

भाविक आधीच आला होता. बारीक चणीचा, चष्मा, हातात हेल्मेट. गाडी नाही आणली, मोटरसायकलवर आला! मी आत शिरल्याबरोबर खुर्ची मागे सरकवून उभाच राहिला. किती बुजरा माणूस! मी त्याला सगळं समजावून सांगितलं, वाल, मळणी, डंपर, डबल बेल. पष्ट्यांनीही मान डोलावली, "आमच्याकडं टाकतात असं, साहेब. चुकीचं हाय, पन टाकतात." मी डबा उघडून पुढे केला. हे बघा तुमच्या गाडीने काढलेले वाल, तुमचाही हिस्सा आहे त्यात!

तो हसला नाही. डब्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही. म्हणाला, "तुम्ही म्हणता तसं असेल ताई. मला वाढवायचं नाहीये." आणि अर्ज मागे घेतो असं लिहून दिलं. मी डबा हातात कोंबला तेव्हा घेतला, दोन्ही हातांनी, देवळात प्रसाद घ्यावा तसा.

पष्टे बाहेरपर्यंत सोडायला आले. "रस्त्यावर वाल टाकले म्हनून समज देतो तुमाला. दिली. आता पुढच्या साली पहाटे लवकर टाका."

बसस्टँडवर येऊन दोन वडे खाल्ले. एकटीने!


गुरुवार, १३ मार्च

होळी. लाकडं पेटली, बोंबा सुरू झाल्या. आत्या मला पुढे ढकलून म्हणाल्या, "मार गो बोंब. तुला तर सराव हाय." सगळ्या बाया लोळायच्या बाकी.


शनिवार, १५ मार्च

फॉर्म भरला. रकाना अकरा सध्या पेन्सिलीने, सोमवारी पुन्हा एकदा लिपिकाला विचारून मग शाईने करेन. तक्रार — होय. स्वरूप — गैरसमज. निकाल — अर्जदाराने मागे घेतली.

किती नीटनेटकं दिसतंय! यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "कंट्रोलरबाई, शुभेच्छा." रात्री गुडघ्यांना तेल पण त्यांनीच लावलं.


सोमवार, १७ मार्च

फाईल बंद करायला माझी सही राहिली होती, म्हणून डेपोत जाण्याआधी ठाण्यात गेले. भाविकने अर्जासोबत त्याच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण दिलं होतं, ते उघडायचं राहूनच गेलेलं. पष्टे म्हणाले, "बघू तरी ताई, वाल कसे निघतात." चहा सांगितला. लावलं.

मी हसत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठेच नाही. आत्याही हसत नाहीत. माझा दंड धरून मागे ओढतायत आणि मी त्यांना झटकतेय. दांडका वेलांवर नाही, काचेवर आपटतोय. 'वरून जा' तीनदाच म्हटलंय. मधे जे म्हटलंय ते इथे लिहवत नाही.

गाडीच्या आतून एका लहान मुलीचा आवाज येतो. "पप्पा, मावशीला सॉरी बोला ना. बोला ना सॉरी."

तो म्हणाला. "सॉरी ताई, सॉरी." स्वच्छ ऐकू येतं. मी त्यानंतरही मारतेच आहे.

पष्ट्यांनी चित्रण बंद केलं. मला जमीन दुभंगावी असं झालं.

तिथेच बाकावर बसून पेन्सिलीचं 'गैरसमज' खोडलं. शाईने लिहिलं — तक्रार खरी होती. दुपारी फॉर्म देऊन आले.