तुमच्या नातवानं दिलेला जबाब

आप्पा, तुमचा नातू जपानहून परत आलाय. तुम्ही गेलात तेव्हा तो माझ्या पोटात होता, सातवा महिना होता, त्यामुळं तुम्ही त्याला पाहिलं नाही. पुण्यात जपानी शिकला आणि तिकडच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना उठवायच्या-बसवायच्या, न्हाऊ घालायच्या कामाला लागला. दोन वर्षं नीट गेली. मग तेवीस दिवस तो तिकडच्या पोलीस ठाण्याच्या कोठडीत होता. तुम्ही जन्मभर पोलिसात जमादार होतात, म्हणून हे तुम्हालाच सांगावंसं वाटतं. बाकी कुणालाही सांगितलं की आधी हेच विचारतात, "पण केलं होतं का त्यानं?"

झालं ते एवढंच. एका आजोबांना अंघोळीहून खोलीत आणताना ते पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. आजोबा म्हणाले, ह्या परदेशी पोरानं मला ढकललं. पाहणारं तिथं कुणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. त्याला घरी फोन करायला मनाई होती. भेटू शकत होता तो फक्त वकील, तोही काचेपलीकडून. आणि चौकशीच्या खोलीत वकिलाला बसू देत नव्हते. तिथं हा, दोन पोलीस आणि एक हिंदी बोलणारा दुभाषी. रोज तेच प्रश्न. सकाळी विचारायचे, जेवणानंतर पुन्हा तेच विचारायचे. परत आल्यावर मी त्याला विचारलं, "मारलं का रे तुला?" तर म्हणाला, "न्हाय गं. बोट सुदिक लावलं न्हाय. जेवण टायमाला. पाणी पायजे का विचारायचे." तुमच्या ठाण्यातनं येणारे आवाज ऐकत मी लहानाची मोठी झाले, त्यामुळं मला ह्यानं बरं वाटायला हवं होतं. पण मला त्या अदबीचाच जास्त संशय येतो. मार खाल्लेल्या माणसाला निदान वळ तरी दाखवता येतो.

तो म्हणत होता, मी घाईत होतो, त्यांचा हात माझ्या हातातून सुटला. तिकडं जबाब पोलीसच लिहितात, पण लिहितात असा की जणू आरोपीच बोलतोय, "मी अमुक केलं, मला तमुक वाटलं". शेवटी दुभाष्यानं वाचून दाखवलं तेव्हा त्यात होतं, "मैंने गुस्से में धक्का दिया." हा म्हणाला, गुस्सा नाही, जल्दी. ते म्हणाले, ठीक आहे, उद्या पुन्हा पहिल्यापासून बोलू. असे बरेच उद्या गेले.

तुम्हाला ठाऊक नाही, पण मी धाराशिवला कोर्टाच्या आवारात टायपिंगचं काम करते. लोक येतात, अडखळत काहीतरी सांगतात, आणि मी त्यांच्या तोंडी न बसणारी भाषा कागदावर उतरवते. खाली ठरलेलं वाक्य टाकते, "हे मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय लिहून देत आहे." दबाव होता का, हे मी आजवर एकालाही विचारलेलं नाही. म्हणून घाईचा राग कसा होतो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

आणि मला परंड्याचं ते स्वयंपाकघर आठवतं. पोलीस लाइनीतल्या आपल्या दोन खोल्या. मी दहा वर्षांची आहे. शेजारच्या काकूंच्या लेकीचं एक पैंजण सापडत नाही आणि त्या दुपारी तिच्याबरोबर खेळायला मीच गेले होते. तुम्ही ड्यूटीवरून आलात, टोपी काढून खुंटीला लावली आणि मला चुलीपुढं बसवलंत. आई भाकरी थापत होती. "खरं सांग, घेतलंस का?" मी म्हणाले, "म्या न्हाय घेतलं, आप्पा." तुम्ही रागावला नाहीत. थोडं थांबलात आणि तोच प्रश्न तशाच आवाजात विचारलात. किती वेळा, ते मला आठवत नाही. भाकऱ्या संपल्या, आईनं परात धुतली, तरी तुम्ही तिथंच. शेवटी मी म्हणाले, "व्हय, घेतलं." "कुठं ठेवलंस?" "हिरीत टाकलं." तुम्ही उठलात आणि आईला मला जेवायला वाढायला सांगितलंत. ती भाकरी मला फार गोड लागली होती, हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पैंजण काकूंच्याच वाकळेत सापडलं. तेव्हा मात्र तुम्ही माझ्यावर ओरडलात, "न केलेलं कबूल कशाला केलंस? खोटं बोलायची लाज न्हाय वाटत?"

तुम्ही नेहमी कुरकुर करायचात की पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्ट मानत नाही. "आमी एवढं बोलतं करायचं, अन् कोर्ट म्हणतं पुरावा आणा." तुम्हाला ती अडचण वाटायची. मला आता वाटतं, ज्यानं तो कायदा लिहिला त्याला तुमच्यासारखी माणसं चांगली माहीत होती. तिकडं तसं नाही. तिकडं त्या कागदाला फार वजन.

अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी, त्याला तिकडं कामाला पाठवणाऱ्या पुण्याच्या एजन्सीतल्या माणसाचा फोन आला. म्हणाला, "ताई, वकील सांगतोय, पटत नाही त्यावर सही करू नको. पण मी खरं सांगू का? नाकारत राहिला आणि खटला भरला, तर महिनोन् महिने आत राहील. तिथं खटला भरला की सहसा कुणी सुटत नाही. कबूल केलं, माफी मागितली, तर सरकारी वकील सोडून देईल कदाचित. घरून काही निरोप द्यायचाय का?" मी म्हणाले, "त्याला म्हणावं, आई म्हणते कबूल कर अन् ये." निरोप वकिलामार्फत पोहोचला. त्यानं सही केली, शाईत बोट बुडवून ठसा दिला, आजोबांना माफीचं पत्र लिहिलं. खटला झाला नाही, त्याला सोडलं. वृद्धाश्रमानं कामावरून काढलं आणि तो घरी आला. कोणत्याही न्यायाधीशानं त्याला दोषी म्हटलेलं नाही. निर्दोषही म्हटलेलं नाही.

परवा तो जेवत होता. मी समोर बसले आणि विचारलं, "खरं सांग, ढकललंस का?" तो म्हणाला, "न्हाय." मी भाजी वाढली आणि पुन्हा विचारलं. माझं मलाच कळलं नाही, आप्पा, मी तिसऱ्यांदाही विचारलं. त्यानं घास खाली ठेवला. "आई, तू म्हणशील ते. काय लिहून देऊ, सांग." आवाज अजिबात चढवला नाही. ताट उचललं, मोरीत नेऊन घासलं, पालथं घातलं आणि बाहेर गेला.

आज कोर्टात काम कमी होतं म्हणून हे टाइप करत बसले. प्रिंट काढणार नाही. मी सगळ्यांना सांगते की पोरगं सुटावं म्हणून तो निरोप दिला, आणि ते खोटं नाही. पण फोनवर तो माणूस बोलत होता तेव्हा माझ्या मनात आलं होतं, ढकललं असेल त्यानं. तेवढं मी पोराला सांगितलेलं नाही.